रॉबर्टच्या नावाची बोली

पाचूबंदर, वसई
सोमवार, १७ मार्च २०२५

माझ्या ग्रेसीला थोरल्या बहिणीकडून, तुझ्या बायकडून, खूप खूप प्रेम.

देवाच्या दयेने इथे सगळं बरं आहे, उजवा गुडघा सोडून. तू डोळ्यांत औषध घालतेस ना? घाल. कंटाळा करू नको.

तर सगळ्यात आधी आली ज्युलिएट. शेजारीण म्हटल्यावर ती रोजच येते, पण आज साडेसातालाच, केस न विंचरता, मासळीची टोपली दारातच टाकून. म्हणाली, क्रुसाजवळ गाडी थांबलीय आणि तुझंच घर विचारतायत. मला वाटलं रीटाने कुवेतहून कोणाच्या हाती काही पाठवलं. लेक माझी अशीच, न कळवता पाठवते. मी घाईघाईने खाटेवर नवी चादर घातली, झाडू दारामागे सरकवला, तोवर ती दोघं आलीसुद्धा. एक काशीराम म्हणून, पन्नाशीचे, शांत. दुसरी तेजस्वी, आपल्या टिफनीच्याच वयाची, हातात फाईल. दोघं पोलीस खात्यातली, पण वर्दी नव्हती.

आता खोटं कशाला सांगू, मला आनंदच झाला. पाहुणे ते पाहुणे. बेनेडिक्ट मला विधवा करून गेल्यापासून कपाटातले फुलांचे कप बाहेर निघाले नव्हते. मी चहा टाकला, तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी पुढे केली. काशीराम साहेब नको नको म्हणत दोन भाकऱ्या जेवले आणि त्यांनी विचारलं, जवळा कुठला? मी म्हटलं, माझ्या बहिणीचा, अर्नाळ्याचा, तिच्यासारखा कोणी सुकवत नाही. त्यावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि त्या मुलीने फाईल उघडली.

जाताना ते माझा फोन घेऊन गेले. पावती दिली त्याची. म्हणून हे पत्र. चौथीत शाळा सुटल्यावर मी काही लिहिलं असेल तर वाण्याकडची यादी, ती पण अर्धी चित्रं काढून. हसू नको. ज्युलिएट दुपारी अर्नाळ्याला मासळी घ्यायला जाते, तिच्याबरोबर पाठवते. अक्षर लागलं नाही तर तिला वाचायला देऊ नको. दोनदा वाच, लागेल.

कुठून सुरू करू? टिफनीपासून करते.

रीटा कुवेतला गेल्यापासून ही नात माझ्याकडे वाढली, पण नोकरी लागल्यावर घरात असून नसल्यासारखी. माणिकपूरच्या ऑफिसातून यायची, जेवायची, भिंतीकडे तोंड करून फोन बघत बसायची. जानेवारीत एक दिवस आली ती थेट माझ्या खाटेवर येऊन बसली. म्हणाली, आजी, गावच्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या रिचर्ड सरांच्या पाठीच्या ऑपरेशनसाठी आमचं ऑफिस लिलाव करतंय, फोनवरूनच, खेळाडूंच्या वस्तूंचा. सह्या केलेल्या बॅटी, बॉल, शर्ट, आणि सरांचे स्वतःचे गोलकीपरचे हातमोजे. तू मला मदत करशील? ग्रेसी, माझ्याकडे कोणी मदत मागून किती वर्षं झाली असतील?

मग रोज संध्याकाळी आम्ही दोघी. ऑफिसने तिला मूठभर सिमकार्डं दिली होती. त्यांवर ती माझ्या फोनमध्ये एकेका नावाने खातं उघडून द्यायची, मी बटण दाबायचं, भाव वर जायचा. बाहेरचा खरा माणूस आपल्या वर गेला की थांबायचं, तो दमला वाटलं की परत दाबायचं. मला ते जमायला लागलं तेव्हा टिफनी एवढी हसली की तिचा चहा सांडला. लहानपणी देवळात तिच्या पहिल्या कम्युनियनचा सोहळा झाला, त्यानंतर आम्ही दोघी एवढ्या हसलो नव्हतो.

तू विचारशील, बाय, तुला ते वावगं वाटलं नाही? नाही वाटलं. सणाच्या दिवशी मिस्सा झाल्यावर आपल्या देवळासमोर काय होतं? कोणी कोंबडा वाहतो, कोणी जाळ्यात आलेली पहिली घोळ मासळी, कोणी केळीचा घड, आणि मंडपात लिलाव. आपला बाबा कोंबडा हवा म्हणून थोडाच ओरडायचा? घरात पाच कोंबडे होते. भाव चढावा, देवळाला चार पैसे जास्त मिळावेत म्हणून ओरडायचा. आणि स्वतःच्या नावाने कधीच नाही. आईच्या नावाने पन्नास, आजोबांच्या नावाने साठ. गेलेल्यांची नावं भोंग्यावर ऐकू यायची आणि म्हाताऱ्या बाया क्रुसाची खूण करायच्या. मला वाटलं हे तेच, फक्त भोंगा नाही. पण तिथे जो शेवटचं बोलतो तो पैसे मोजून कोंबडा घरी नेतो. बाबाने कितीदा नेला. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

थांब, भात उतरवून येते.

आले. टिफनी आज ऑफिसला गेली नाही. आत पडून आहे, जेवणार नाही म्हणते.

मी काय सांगत होते? हां, तू आलीस तो दिवस. फेब्रुवारीतला पहिला शुक्रवार. दोन वर्षं आणि तीन महिने झाले होते, मी मोजले होते. मृतांच्या दिवशी आईबाबांसाठी तू इथे मिस्साला आली होतीस, फादरांनी वाचलेल्या यादीत रॉबर्टचं नाव आलं आणि तू अर्ध्यातून उठून गेलीस. ते नाव मी दिलं होतं. बोट उलटून दीड वर्ष झालेलं, बाकीचे तिघे मिळाले, तो मिळाला नाही. मला वाटलं, त्याच्या आत्म्यासाठी कोणीतरी मागायला हवं. तू देवळाच्या पायरीवर म्हणालीस, मी माझ्या लेकाला पुरला नाही, तू कोण पुरणारी. त्यानंतर तुझा आवाज मी ऐकला नव्हता.

आणि त्या शुक्रवारी तीच तू, हातात जवळ्याची पिशवी, धापा टाकत, हसत. चपला काढायच्या आधीच म्हणालीस, "बाय, माजा रॉबर्ट जिता हाय."

तुझ्या शेजारच्या कोणी तुला फोन दाखवला होता. सरांच्या हातमोज्यांखाली नाव होतं, रॉबर्ट, अर्नाळा. तू म्हणालीस, तो कुठे का असेना, सरांच्या पाठीचं त्याला कळलं. आणि मागतोय काय, तर हातमोजेच. सरांनी त्याला पहिल्यांदा गोलमध्ये उभा केला तेव्हापासून त्याचा त्या हातमोज्यांवर डोळा होता, दुसऱ्या कोणाला हे ठाऊक असणार? तू संध्याकाळच्या घंटेपर्यंत बसलीस. बोंबलाचं कालवण मागून घेतलंस. माझे केस विंचरून दिलेस. एवढा आनंद मला किती दिवसांत झाला नव्हता, आणि तो जाऊ नये म्हणून मी तोंड उघडलं नाही.

ग्रेसी, ते नाव मी दिलं.

टिफनी म्हणाली होती, आजी, अशी नावं सांग की उद्या कोणी येऊन माझं नाव का लावलं म्हणून भांडणार नाही. मी म्हटलं, मग सोपं आहे. बेनेडिक्ट सांगितला, बाबा सांगितला, रॉबर्ट सांगितला. तिने विचारलं, कोणाला काय देऊ? मी म्हटलं, रॉबर्टला हातमोजे दे. जितक्या वेळा तू त्याचं नाव वर चढताना बघितलंस, तितक्या वेळा इथे खाटेवर बसून मी दाबत होते. त्याच्या नावाचं दाबताना मला बरं वाटायचं, हेही लिहून टाकते. तू भांडायला येशील असं मला वाटायला हवं होतं. तू भांडायला आली नाहीस, जवळा घेऊन आलीस.

मग तो गाडीवाला माणूस बंदरावर रॉबर्टला विचारत आला आणि तू मला फोन करून म्हणालीस की याला तो कुठेतरी भेटलेला असणार. नाही गं. तो नाशिकचा एक म्हातारा खेळाडू. हातमोजे त्यानेच घेतले, चाळीस हजार देऊन. एवढ्या हट्टाने मागणारा हा पोरगा कोण, हातमोजे त्यालाच द्यावेत, म्हणून तो ते घेऊन आला होता. बंदरावर लोकांनी सांगितलं, तो तर चार वर्षांपूर्वी पाण्यात गेला. तसाच परत गेला आणि त्याने तक्रार दिली. हे मला आज काशीराम साहेबांकडून कळलं. लिलावाचे सगळे पैसे आता अडकलेत. रिचर्ड सर तसेच खाटेवर, पालथे.

साहेबांनी विचारलं, मावशी, ही नावं कोणी दिली? मी म्हटलं, आठवत नाही. बहात्तर वर्षांच्या बाईला आठवत नाही म्हटल्यावर कोणी फार विचारत नाही. पण त्या मुलीने पान उलटलं आणि विचारलं, रॉबर्ट कुठे लपलाय? अर्नाळ्यात त्यांना कळलंय की त्याची आई तो जिवंत आहे म्हणते, त्याची खोली रंगवून घेतलीय. मृत्यूचा दाखला तर तू काढलाच नाहीस. त्यांच्या फाईलमध्ये तुझा लेक पळालेला आरोपी झालाय, ग्रेसी. आणि मी तिथे बसून कप गोळा केले.

ते गेल्यावर टिफनी माझ्या पायाशी येऊन बसली. "आजी, रॉबर्टमामावरच राहू दे ना," म्हणाली. "त्याला कोण पकडणार आहे? आणि ग्रेसीआजीला पण तेच बरं वाटतंय." रीटाने तिच्यासाठी कुवेतला नोकरी बघून ठेवलीय. केस लागली की पासपोर्ट अडकेल, पोरीचं सगळंच अडकेल. भाव जितका चढेल तितका ऑफिसचा हिस्सा, आणि हिला महिन्याचं टार्गेट, हेही आजच कळलं मला. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. तिला नाही म्हणायला मला खूप वेळ लागला.

पण म्हटलं. रॉबर्टला मी एकदा तुझ्यादेखत मेलेला केला. मग फोनमध्ये जिता केला. आता त्याला चोर करून गावोगाव शोधायला लावू? वाटणीत एक पापलेट जास्त आलं तर परत नेऊन देणारा पोरगा तो.

म्हणून सांगते, नीट वाच. ते तुझ्याकडे येतील आणि विचारतील, मुलगा कुठे आहे. तू खुशीने सांगशील, जिता हाय, त्याने सरांसाठी बोली लावली. तसं सांगू नको. बोली माझी होती. तो आहे की नाही ते देवाला माहीत, मी आता त्यावर काही बोलणार नाही, कुठल्या यादीत त्याचं नावही देणार नाही. पण फोनमधला रॉबर्ट मी होते. शुक्रवारचं पोरबंदरचं तिकीट रद्द कर. पाकिस्तानने बोटींवरून धरून नेलेल्या आणि आता सुटून आलेल्या खलाशांना विचारत फिरणार म्हणालीस, एकटी, तसल्या डोळ्यांनी. जायचंच असेल तर जा, तू आई आहेस, पण माझ्या बटणावर विश्वास ठेवून जाऊ नको.

मी साहेबांना सगळं सांगणार आहे. नावं माझी, बोट माझं, सिमकार्डं ऑफिसची, आणि ती घरी आणली टिफनीने. हे शेवटचं सांगताना माझी जीभ वळेल की नाही देव जाणे. ती आत पडून हे सगळं जाणून आहे. मघाशी पाणी मागितलं, मी नेऊन दिलं, तिने माझ्या हातातून घेतलं नाही, खाली ठेव म्हणाली.

या वेळी तू किती वर्षं येणार नाहीस ते मी विचारत नाही.

काशीराम साहेबांनी जाताना दिवस सांगितला. गुरुवारी सकाळी आधी अर्नाळ्याला तुझ्याकडे, आणि तिथून माझ्याकडे. गुरुवारच्या आधी हे वाचून ठेव.

तुला न विचारता तुझ्या लेकाचं नाव दोनदा दिलेली,
तुझी बाय
कॅथरिन