गणपतरावांची गूळतुला

मंगळवार पेठ, कोल्हापूर
फेब्रुवारी २०००

ती. आक्कास,

शिवशरणचा शरणु शरणार्थ, दाजींनाही सांग. तुझे गुडघे कसे आहेत? आजऱ्याहून पाठवलेले काजू पोचले. (बरणी अजून भरलेली आहे असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू.) इकडे सगळे खुशाल. निदान परवाच्या रविवारपर्यंत तरी होते.

आपले नगरसेवक गणपतराव साठ वर्षांचे झाले, म्हणून हंबीररावांच्या तालीम मंडळानं त्यांची गूळतुला करायची ठरवली. गूळ अर्थात आपल्या दुकानातला, आणि तराजूही आपलाच, आजोबांच्या वेळचा, दोन मोठ्या पारड्यांचा. हंबीररावांनी त्यात एक टूम काढली. नुसता गूळ ठेवायचा नाही. प्रत्येकानं गणपतरावांचं एक चांगलं काम माईकवर सांगायचं आणि मगच गुळाच्या छोट्या ढेपांपैकी एक रवा पारड्यात ठेवायचा. माणूस वजनदार (माझ्या लग्नात मांडवातली खुर्ची मोडली ती त्यांनीच), तेव्हा कामंही भरपूर लागणार होती.

पहिला मान माझा. आक्का, तुला ठाऊकच आहे, माझ्या शांभवीच्या डोक्यात ताप चढला तेव्हा रिक्षा मिळेना. या माणसानं चालू सभा सोडून तिला स्वतःच्या जीपमधून दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टर 'धोका टळला' म्हणेपर्यंत बाकावरून हलला नाही. ते सगळं माईकवर सांगितलं. रवा ठेवला तो रडतच. मग गल्लीतल्या आकारामनं रस्त्यावरचे दिवे सांगितले, कुणी नळ सांगितले, कुणी बालवाडी, आणि गणपतराव फेटा सावरत हळूहळू जमिनीपासून सुटायला लागले. तेवढ्यात सौंदर्या उठली. (हे स्थळ तू आणलं होतंस, एवढं लक्षात ठेव.)

"माझी पोरगी वाचवली," म्हणाली आणि तिनं रवा ठेवला. टाळ्या पडल्या. गणपतराव चांगले हातभर वर गेले. बाईसाहेब मात्र माईक सोडेनात. "आन् पोरींच्या शाळंचं पटांगण दुकानगाळ्यांना दिलं. वाचवलेली पोरगी आता खेळणार कुठं? ह्यो काढला." आणि तिनं खरोखरच रवा उचलून खाली ठेवला की! गणपतराव दाणकन जमिनीवर.

धरणीनं मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. उपकार का असे तराजूत घालायचे असतात? पण वाट मोकळी झाली होती. शेजारची म्हातारी तानाबाई काठी टेकत आली. "नळ आणलास बाबा, ह्यो ठिवला. पर पाणी रातचं येतंय. निम्मा काढू?" आणि रवा आपटून, फोडून, निम्मा परत घेतला तिनं. मग रांगच लागली. कुणी ठेवतोय, कुणी काढतोय, गणपतराव वर-खाली, हंबीरराव घामाघूम. (काढायला आलेला एकही माणूस काहीतरी ठेवल्याशिवाय गेला नाही, हे मात्र लिहायलाच हवं.)

आता हा माणूस उठून तराजू उलथवणार आणि आपला जन्माचा संबंध तुटणार, असं मी धरून चाललो होतो. गणपतरावांनी पारड्यात बसूनच माईक मागितला. "नाल्याचं कुणीच काढंना व्हय? त्यावर बांधायला मीच मुभा दिली. पावसात तुमच्या घरात पाणी शिरतंय त्ये माझ्यामुळं. एक रवा माझ्या नावानं काढा." तानाबाई पुन्हा उठली आणि तिनं आपला निम्मा तुकडा पारड्यात टाकला. "कबूल केलंस. घे." शेवटी गणपतराव जमिनीपासून वीतभर वर तरंगत राहिले, त्याच्या वर काही गेले नाहीत.

घरी मी सौंदर्याला बोल बोल बोललो. ती म्हणाली, "भाऊबीजेला मी त्यास्नी ओवाळते, जलमभर ओवाळीन. पर पटांगण गेलं त्ये गेलंच की."

दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतराव दारात. मी पाय धरायच्या तयारीत. ते मला ओलांडून थेट तिला म्हणाले, "वयनी, औंदा वॉर्ड बायकांना राखीव हाय. तुमी हुभं ऱ्हावा. मी मागं हाय." पटांगण परत मिळवायचं आणि पाच वर्षांनी तिचीही अशीच तुला करायची, या दोन अटींवर ती तयार झाली. गणपतराव पोट धरून हसले. आक्का, शांभवीसाठी मी त्यांचा ऋणी होतोच. आता तोंडावर ऐकून घेतलं म्हणूनही आहे, आणि हे दुसरं ऋण मला जास्त जड वाटतंय.

दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
शिवशरण

ता. क. तुलेचा गूळ मुलींच्या वसतिगृहाला दिला. तानाबाईचा निम्मा तुकडा मात्र गणपतराव रुमालात बांधून घरी घेऊन गेले.

आणखी एक. पत्र लिहिलं ते खरं तर यासाठी. पाच वर्षांनी सौंदर्याच्या पारड्यातला गूळ काढायला कोण, हे ती आत्ताच ठरवून बसली आहे. मी म्हटलं, मी आहे की. "तुमी नुसतं ठिवायच्या कामाचं," म्हणाली. "काढायला नणंदच पायजे. आक्कास्नी आत्ताच कळवा." तेव्हा गुडघे सांभाळ.