पदराखालचा सौदा

३ मार्च १९७८, शुक्रवार
मिरजेच्या डॉक्टरांकडून एक वाक्य आणलं. त्याची खरी किंमत अशी: फी दहा रुपये, छातीचा आलेख काढला त्याचे पंचवीस, एस.टी. जाऊन-येऊन, सकाळचे सगळे सौदे धाकट्या भावाच्या, शिवाच्या, हातात, आणि सौ.ला मारलेली थाप, 'वसुलीला चाललोय.' वाक्य: 'काळीज ठणठणीत आहे, त्रास मनाला आहे.' हे तर आमच्या गावच्या, मेढ्याच्या, वैदूनं एका सुपारीवर सांगितलं असतं.
सौद्याला उभा राहिलो की छाती धडधडते. तळहाताला घाम. बोटं दाबून भाव सांगायला रुमालाखाली हात घातला की व्यापाऱ्याला माझी बोटं कळायच्या आधी घाम कळतो, आणि घाम कळला की हळदीचा भाव पडला. म्हणून गेलो. नाहीतर कशाला.
औषध: रोज सकाळी तासभर चाला. जेवताना धंदा नको. चहा दोनच. रोज चार ओळी लिहा, कोणाला दाखवू नका. घरात कोणाशी तरी मोकळं बोला.
खतवाल्यानं दिलेली डायरी पडून होती, ती ही. औषध सगळं फुकटातलं. इथंच संशयाला जागा आहे.

४ मार्च
हरिपूरच्या रस्त्यानं चाललो. झाडं बरी आहेत. एके ठिकाणी पेव उघडत होते. जमिनीच्या पोटात वर्षभर हळद, हवा बंद. उघडलं की दिवसभर तसंच सोडायचं. मग कंदील सोडून बघायचा. विझला तर अजून थांबायचं. घाईनं उतरला तो वर येत नाही.
आणि डॉक्टर म्हणतात, मन मोकळं करा. हरिपूर बघितलेलं दिसत नाही.

६ मार्च, सोमवार
शिवा कानाशी आला, "दादा, तुमी आठ दिस घरी थांबा. सौदं मी बघतो."
घरी थांबा! सोळाव्या वर्षी सांगलीत आलो तो पोती उचलायला. तोलाई शिकलो, स्वतःची अडत घातली, याला शिकवला. आता मी घरी थांबू?
कान शाबूत आहेत तोवर नाही. हळकुंड मोडलं की आवाजावरून सांगतो ओल किती. घरात उंदरानं कूस बदलली तरी मला ऐकू येतं. माझ्या कानाआड माझ्या घरात काही होत नाही.
लिहून जरा बरं वाटलं. हे डॉक्टरला सांगायचं नाही.

८ मार्च
दुपारी घरी जेवलो. धंदा बोलायचा नाही, मग बोलायचं काय? यार्डातल्या तोलाऱ्याची गोष्ट काढली. त्याच्या बायकोला डोक्याच्या डॉक्टरकडं नेलंय. म्हटलं, "हाताला काम कमी पडलं की डोकं फिरतं. चार पोती निवडाय बसवा म्हणावं."
शिवा हसला नाही. एरवी माझ्या शिळ्या विनोदालाही हसतो. सौ. उठून आत गेली. ताट तसंच.
आमटीत मीठ दोनदा. लग्नाला तेवीस वर्षं, असं कधी झालं नाही. मुद्दाम?

१० मार्च
चाललो. चहा तीन. (दोन लिहिणार होतो. पण ही कोणाला दाखवायची नाही.)
सौ. सुपात तांदूळ घेऊन उंबऱ्याशी बसलेली. यार्डात जाऊन दोन तासांनी आलो, तर तेच सूप, तीच जागा, तांदूळ तसेच.
"कुणाची वाट बघतीस?"
"कुणाची न्हाई."
इतका वेळ कोणी उगाच बसतं का.

११ मार्च, शनिवार
वाट बघत होती ती हिची. इस्लामपूरची आक्का, सौ.ची थोरली बहीण. पत्र नाही, सण नाही. नवरा फौजेत सुभेदार होता, बाईची चाल अजून परेडची.
म्हटलं, "आक्का, आज कसं काय?"
"का दाजी, तुमच्याकडं यायला पास लागतो व्हय?"
हसलो. पण हातातली पिशवी मोकळी. मोकळी पिशवी घेऊन येणारा पाहुणा काहीतरी न्यायला येतो.

१३ मार्च
आज डोळ्यांनी पाहिलं. माजघरात दोघी पाठमोऱ्या. सौ.चा हात आक्काच्या हातात आणि वर पदर. तोंडानं एक शब्द नाही.
वीस वर्षं रुमालाखाली बोटं दाबून लाखाचा माल इकडचा तिकडं केला. पदराखालचा सौदा मला कळत नाही होय? मी खाकरलो. आक्कानं झटकन हात काढून घेतला.
पण माल कोणता? पोरीला, लीलाला, फलटणला देऊन दोन वर्षं झाली. दागिने कपाटात, मोजून आहेत. राहता राहिलो मी आणि दुकानाची गादी.

१५ मार्च
सोप्यात पेपर धरून बसलो होतो. आत शिवाचा आवाज, अगदी खालचा. "मंगळवारी मिरजेला मी सोडतो. डॉक्टरला बोलून ठिवलंय."
आक्का: "दाजींना कळता कामा न्हाई."
सौ.च्या बांगड्या वाजल्या, तेवढंच. निदान 'नको' तरी म्हणायचं होतंस.
तर असं आहे. याचं डोकं फिरलंय असं डॉक्टरकडून लिहून घ्यायचं, घरी बसवायचा, गादी शिवाला. 'आठ दिस घरी थांबा' हा पहिला भाव होता. आणि डॉक्टर? 'त्रास मनाला आहे', हे वाक्य त्याच्याकडं माझ्या आधीच पोचलं असेल तर?
अडतीचं लायसन आणि घराचे कागद कपाटातून काढून दुकानाच्या तिजोरीत ठेवले. चावी करगोट्याला.
धडधड वाढली. चालायला गेलो नाही.

१८ मार्च, शनिवार
जेवताना मुद्दाम बोललो, "मंगळवारी मी कोल्हापूरला जाणार. यायला सांज होईल."
तिघांनी श्वास सोडला. तीन नाकं, तीन आवाज. मी भात कालवत राहिलो.
आक्का म्हणाली, "जावा की. अंबाबाईचं दर्शन बी घिऊन या."
शब्द किती गोड. अळी गोड फळातच निघते.

२१ मार्च, मंगळवार
कोल्हापूरला गेलो नाही. पहिल्या गाडीनं मिरज. दवाखान्यासमोर चहाचं दुकान आहे, तिथं खांबाआड बसलो. चहा चार.
साडेदहाला तिघं आली. शिवा दारात थांबला, दोघी बाकावर. ठरवलं होतं, आत घुसायचं, कागद हातातच धरायचे आणि चारचौघांत विचारायचं. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं.
उठलो. एक पाय रस्त्यात. तेवढ्यात कंपाउंडर दारात येऊन ओरडला, "पेशंट सुमन मारुती, चला आत!"
रस्त्याच्या अलीकडं स्वच्छ ऐकू आलं. पेशंट. सुमन मारुती.
तेवीस वर्षांत हे नाव मी तोंडानं घेतलेलं नाही. दुसऱ्याच्या तोंडून ऐकून क्षणभर वाटलं, ही कोण?
सौ. उठली. आक्कानं तिचा हात धरला आणि वर पदर ओढला. तसाच, परवासारखा. बोटं दाबत नव्हती. सौ.चा हात थरथरत होता, आक्का तो झाकत होती.
परत खांबाआड. मग गाडी. सांगलीला उतरलो तरी पाठ केलेलं भाषण तोंडात तसंच.

२२ मार्च
शिवाला गोदामात गाठलं. पोत्यांच्या थप्पीआड. म्हटलं, "वैनीला काय झालंय?"
पोतं धरून उभा राहिला. म्हणाला, "झोप न्हाई, दादा. नुसती बसून राहती. महिन्यामागं म्हनली, मी नसले तर कुणाचं काय अडतंय. लय भ्यालो. तवा आक्काला पत्र घातलं. तुमाला घरी थांबा म्हनलो ते त्यापायी. कुनीतरी घरी पाहिजे हुतं."
"मला का नाही सांगितलं?"
"वैनीनं शपथ घातली. मी मोडणार हुतो. पण तुमी त्या तोलाऱ्याच्या बायकोचं..."
मला वाटलं त्याला दुकान पाहिजे.
कागद तिजोरीतून परत कपाटात. गेले होते हे कोणाला कळलंही नव्हतं.

२४ मार्च, होळी
पुरण आक्कानं शिजवलं. सौ.नं अर्धी पोळी खाल्ली, तीही मी बघतोय म्हणून.
विचारू म्हणून तीनदा तोंड उघडलं. पेव आठवलं. थांबलो.
दुपारी सूप घेऊन बसली, तेव्हा शेजारी बसून मीही तांदूळ निवडले. खडे दोन, एक भाताचा दाणा.
सूप निम्मं झालं तेव्हा म्हणाली, "यार्डात काम न्हाई तुमाला?"
"हाय. शिवा बघतोय."
"आणि तुमी?"
"मी तांदूळ बघतोय."
हसली नाही. पण उठूनही गेली नाही.

२६ मार्च, रविवार
आक्का देवळात. आम्ही दोघंच. सौ. एकदम म्हणाली, "मंगळवारी तुमी कोल्हापूरला गेलाच न्हाईसा."
"कशावरनं?"
"कोल्हापूरसनं तुमी कवा हात हलवत आलाय?"
कान म्हणे माझे.
मग मीही सांगितलं. तीन तारखेला वसुली नव्हती. त्याच डॉक्टरकडं गेलो होतो, घाम येतो म्हणून. चहाचंही सांगितलं. आणि तुमचा सगळ्यांचा संशय घेतला तेही. तोलाऱ्याच्या बायकोचं मात्र जिभेवर येऊन राहिलं. तिनंच काढलं.
"त्या बाईवर तुमी हासला. म्हनलं, आपलं कळलं तर आपल्यावर बी हासतील. यार्डात सांगतील."
सांगितलं असतं मी. नक्की सांगितलं असतं.
"काय होतं तुला?"
"त्येच तर सांगता येत न्हाई. तोंडानं येत न्हाई."
खांद्यावरचा टॉवेल तिच्या हातावर टाकला, खाली माझा हात घातला. "मग बोटानं सांग. कवापासनं?"
तिनं टॉवेल नीट ओढून घेतला. मग माझा पंजा दाबला. पाच.
"दिवस?" मान हलवली. "आठवडे?" परत नाही. पुन्हा पंजा दाबला. दहा. मग वर एक बोट.
अकरा महिने.
सौद्यात बोटं सांगून झाली की हात सोडतात. तिनं सोडला नाही. घाम माझ्या तळहाताला होता, तो तिला कळला असणार. भाव कितीही पडू दे.

२९ मार्च, बुधवार
सकाळी सौ. बरोबर आली. हरिपूरच्या निम्म्या वाटेपर्यंत. झाडाखाली बसली, म्हणाली, "बास आता." परत आलो. वाटेत बोलणं एकच, एका गाईबद्दल.
गोळ्यांनी दीड-दोन तास झोप लागते, असं आक्का म्हणते. ती अजून आठवडाभर राहणार. मोकळी पिशवी इस्लामपूरहून घाईनं निघाल्याची होती. तीही मी दुसऱ्याच हिशेबात धरली.
चार तारखेला परत मिरज. म्हटलं, "मी येऊ बरोबर?"
"बघू."
तोलाऱ्याकडं जाऊन आलो. बायको कशी आहे विचारलं. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला, आता हा काय विनोद करतोय म्हणून.
अकरा महिने म्हणजे मागचा एप्रिल. तेव्हा घरात काय होतं ते आठवायला दुपारभर बसलो. हळदीचा भाव आठवला. बाकी काही आठवलं नाही.
रात्रभर ती जागी असायची ती खाट आणि माझी, मधलं अंतर मोजलं. दीड हात.