किटलीचं तोंड

३ मार्च

जलरंगात किटली काढायला घेतली — रोजचीच, पोचे आलेली. खिडकीशी टेबलावर मांडली. मूठ उजवीकडे, तोंड डावीकडे. कुणी हलवायची नाही, सुनेला ताकीद दिली.

"मग चहा कशात करू, आई?"

पातेल्यात कर! निवृत्त बाईला टेबलाचा एक कोपरासुद्धा मिळू नये?

५ मार्च

जमतंय. पोच्यांवरचा उजेड कागद कोरा ठेवूनच धरला. कॉन्व्हेंटात चित्रकलेच्या सिस्टर म्हणायच्या, पांढरा रंग लावते ती मुलगी आळशी. पट्टीचे वळ उठवायच्या, पण शिकवलं चोख.

नात शाळेतून आली, चित्रासमोर उभी राहिली. "आजी, यातून चहा ओतायचा कुठून?"

तोंडातून! आगाऊ कार्टी.

सून हसली नाही. चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

६ मार्च

पुन्हा चौकटीवर खांदा आपटला. डावाच. दारं आक्रसलीत की काय!

८ मार्च

जेवताना सून म्हणाली, "आई, अर्धं ताट तसंच आहे."

ताट लख्ख होतं! तिने ते फिरवलं — आणि त्यात भाजी! कधी वाढली कोण जाणे. मुलगा खाली मान घालून जेवतोय. नंदीबैल!

मग खरं पोटातलं ओठावर आलं. "छोटीला आता शाळेतून मी आणत जाईन. रस्त्यावर गाड्या फार असतात."

असं होय! ताटाचं निमित्त आणि डोळा नातीवर. एवढा एकच तास ती माझी असते. मीच आणणार, म्हटलं. हातपाय धड आहेत माझे.

१० मार्च

मीच आणली.

रस्ता ओलांडताना एक मोटार अगदी अंगाशी येऊन कर्रकन थांबली. कुठून उगवली देव जाणे! ड्रायव्हर ओरडला, "बाई, पोरीकडे बघा!" मेल्या, तू समोर बघ, म्हटलं.

सुनेला यातलं काही सांगितलेलं नाही.

११ मार्च

चित्र पुरं झालं. सिस्टरांची शिस्त — सही करण्याआधी उलटं धरून बघायचं, चूक लपत नाही.

धरलं. मूठ आहे. झाकण अर्धं. पुढे, तोंडाच्या जागी, कोरा कागद.

नातीला विचारलं, काल तू माझ्या कुठल्या बाजूला होतीस गं?

तिने माझा डावा हात धरला.

सुनेला हाक मारली. उद्यापासून तू जा, म्हटलं.