बॅटीवरचं कुंकू

आई, तुझी ती नारळ फोडायची बॅट मी विकायला काढली आहे. ओरडू नकोस, आधी ऐकून घे. मार्चमध्ये बेसिंगस्टोकच्या ऑफिसनं मला रिडंडन्सी दिली, म्हणजे कामावरून कमी केलं. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात घराच्या मॉर्गेजचा हप्ता भागत नाही, आणि एके दिवशी चहा पिता पिता तो म्हणाला की घर विकावं लागेल. मी असली तडकले की कप तसाच ठेवून लॉफ्टवर चढले, काहीतरी आवरायचं म्हणून. तू गेल्यावर लेस्टरहून आणलेलं सामान वीसेक वर्षं तिथेच पडलंय. त्यात जुन्या पडद्यात गुंडाळलेली बॅट हाताला लागली.

तुला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. हॉस्पिटलात तुझ्या म्हाताऱ्यांच्या वॉर्डात एक पेशंट होता, एकेकाळी इंग्लंडकडून खेळलेला. घरी जाताना त्यानं मागच्या बाजूला सही करून ही बॅट तुला दिली, आणि तू ती सरळ किचनमध्ये आणलीस. ते किचन मला अजून जसंच्या तसं दिसतं. तू सिंकपाशी उभी आहेस, अंगावर अजून कामावरचा कोट. बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानातून आणलेला नारळ डाव्या हातात, उजव्या हातात बॅट, खाली पाण्यासाठी पातेलं. नारळ फिरवत फिरवत ठक, ठक, ठक, की झाली दोन भकलं. "कोयता इथे मिळत नाही आणि वरवंटा काही विमानात बसला नाही," असं येईल त्याला ऐकवायचीस. एकदा मी ती घेऊन मागच्या अंगणात खेळायला निघाले तर दंडाला धरून आत ओढलंस. "ठेव आधी! ते हत्यार आहे, खेळणं नाही."

आणि हत्यार म्हटल्यावर दसऱ्याला पाटावर तिचा मान ठरलेला. तुझा स्टेथोस्कोप, मिक्सर, गाडीची किल्ली आणि ही बॅट. झेंडू नसायचा, म्हणून सुपरमार्केटची पिवळी शेवंती. हळद सगळीकडे, आणि कुंकू अनामिकेनं, दरवर्षी आधीच्या ठिपक्याच्या शेजारी नवा ठिपका. बाकीच्या वस्तू वापरात पुसल्या जायच्या. बॅटीचं मात्र तू मुद्दाम जपायचीस, नारळ खालच्या टोकाशीच फोडायचीस. मी एकदा ओलं फडकं घेऊन आले तर म्हणालीस, "कुंकू पुसायचं नसतं गं." बाबा गेले तेव्हा वॉटफर्डची आत्या तुझ्या कपाळाकडे बघत काहीतरी पुटपुटली, तेव्हाही तू तिला तेवढ्याच शांतपणे सांगितलंस, "माझं मी लावलंय, काढायचं की नाही ते मीच बघीन." शेवटपर्यंत काढलं नाहीस.

तर ऑक्शनवाल्यांकडे गेलो. त्यांची किंमत ठरवणारी व्हॅल्युअर, बाई माझ्याच वयाची, हातमोजे घालून, टॉर्च मारून बॅट बघत होती. सही खरी निघाली. पेपरातल्या एका जुन्या फोटोत हीच बॅट, हँडलखालच्या चिरेसकट. मग तिचा आवाजच बदलला. हा पिवळेपणा म्हणजे बॅटीला चोळतात ते जवसाचं तेल, खालचे खड्डे म्हणजे यॉर्कर, आणि या लाल खुणा, अहाहा, चेंडूच्या! इतक्या लाल राहिलेल्या तिनं कधी पाहिल्या नव्हत्या. अमेरिकेत एक गिऱ्हाईक आहे म्हणे, मूळ नाद बेसबॉलचा. तिकडे मैदानात वापरलेल्या एकेका बॅटीला बंगल्याची किंमत देतात, आणि जितक्या खुणा तितका भाव चढतो. आता त्याला क्रिकेटची लागण झाली आहे. तिनं आकडा सांगितला. आमचं सगळं मॉर्गेज फिटून वर चहापाण्याला उरलं असतं. नवऱ्यानं टेबलाखाली माझा गुडघा दाबला. आई, ते ठिपके एका ओळीत होते गं. चेंडू कधी ओळीत लागतो का? पण जे हवं तेच माणसाला दिसतं.

गाडीत भांडण जुंपलं. "तिनं विचारलं का? नाही ना? मग तू गप्प बस."

"अरे, पण ते कुंकू आहे!"

"तुला माहीत, मला माहीत. त्या अमेरिकेतल्याला काय घेणं?"

"आणि उद्या त्यानं तपासून घेतलं तर?"

त्यानं गाडी सुरू केली. मग हळूच म्हणाला, "घर जाईल गं." आणि ते खरंच होतं. कॅटलॉग आला, त्यात तुझ्या ठिपक्यांचा मोठा फोटो, खाली 'सामन्यातल्या चेंडूच्या खुणा'. तो फोटो बघितला आणि नाश्ता टाकून मी त्या व्हॅल्युअरला फोन लावला. पूजेचा रंग आहे, माझ्या आईनं बोटानं लावलेला, असं एका दमात सांगून टाकलं. "गिऱ्हाईकाला विचारून कळवते," एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

दोन दिवसांनी तिचा उलटा फोन आला. गिऱ्हाईक अजून तयार आहे, भाव बराच खाली. मॉर्गेज फिटणार नाही, पण मला नोकरी लागेपर्यंत घर तरेल. अट एकच. लाल-पिवळं सगळं काढायचं. "सगळ्यात वरच्या ठिपक्यात बोटाच्या रेषा उमटल्यात," ती चाचरत म्हणाली, "तोसुद्धा काढावा लागेल. चालेल?"

मी हो म्हटलं, आई. तुझं कुंकू मी पुसायला सांगितलं. फोन ठेवला आणि किचनमध्ये उभी राहून ढसाढसा रडले.

फोन ठेवण्याआधी तिनं आणखी एक विचारलं होतं, खालच्या खड्ड्यांबद्दल काही सांगायचंय का? नवरा दारात उभा होता. मी म्हटलं, "नाही, ते सगळं क्रिकेटच." आता तो बेसबॉलवाला त्या खड्ड्यांवरून अंगठा फिरवेल आणि तिथे तुझा हात असेल. तुझं काहीतरी राहावं म्हणून बोलले नाही, असं नवऱ्याला सांगितलंय. खरं सांगू? भाव आणखी पडेल म्हणून घाबरले.

उद्या सही करायला जायचंय. हे पत्र बॅटीच्या पेटीत कापडाखाली हळूच सरकवून द्यावं, असं लिहायला बसताना मनात होतं. आता ते जमायचं नाही. यात नारळ आहे.