चालकाची सही

मंगळवार, तारीख १४

ति. ताईस,

सा. न. वि. वि. यातली विनंती माझ्याकडे नाही, विशेष मात्र पोतंभर आहे. साष्टांगचं नंतर बघू, सध्या पाय टेबलाखाली अडकलेत.

इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा ठीक, बाबांचा पारा ठीक, म्हणजे चढलेला. तूही ठीकच असशील, आणि नसलीस तरी सांगणार नाहीस. फोनवर गाडीचा 'गा' काढला की तुझी रेंज जाते, म्हणून पत्र. पत्रात मध्येच "बरं, ठेवते" म्हणता येत नाही.

मी पास झालो. लायसन्स मिळालं, तेही पहिल्याच फटक्यात! परीक्षकाने विचारलं, कुठे शिकलास. तुझं जुनं ड्रायव्हिंग स्कूल सांगितलं. तो म्हणाला, "तिथे पूर्वी एक बाई शिकवायची. तिची पोरं क्लच अशीच अलगद सोडायची." मी म्हटलं, असेल कोणीतरी.

आणि नोकरी लागतेय. लिफ्टवाल्याकडे. हत्यारांची पेटी घेऊन इमारतीइमारतीत जायचं, बंद पडलेल्या लिफ्ट चालू करायच्या. पण गाडी आपली हवी. तो म्हणाला, "सोमवारी सकाळी इन्शुरन्सचा कागद दाखव, नाहीतर मेव्हण्याचा पोरगा तयारच आहे." बाबा आपली निळी गाडी देतायत. हो, तीच. तीन वर्षं कव्हरखाली होती. मी धुतली, बॅटरी बदलली, चालू झाली.

आता माझं डोकं का फिरलंय ते ऐक.

इन्शुरन्सच्या एजंटाकडे गेलो. ऑफिसात प्लास्टिकचं झाड, त्यावर खरी धूळ. खुर्चीचं एक चाक गायब, बसलं की माणूस आपोआप नम्र होतो. त्याने वय विचारलं. अठरा म्हटल्यावर त्याने असं तोंड केलं, जसा काही मी रोगच सांगितला. मग टकटक करून स्क्रीन माझ्याकडे फिरवला. ताई, वर्षाचा हप्ता गाडीच्या किमतीपेक्षा जास्त! मी म्हटलं, "काका, मग गाडी तुम्ही ठेवा, मला पॉलिसी चालवायला द्या." हसला नाही. "तरुण पोरं आपटतात," म्हणाला. अरे, मी काय केलंय अजून? आपटायच्या आधीच दंड!

घरी येऊन दुसऱ्या कंपन्यांना फोन लावले. आवाज बदलून. मी बहात्तर वर्षांची आजी झालो. काय स्वस्त असतं गं म्हातारं होणं! फोनवरची मुलगी एकदम गोड. "आजी, चष्मा आहे का?" मी म्हटलं, "फक्त माणसं ओळखायला लागतो गं, रस्ता दिसतो." मग तिने जन्मसाल विचारलं. गणितात माझी काय बोंब आहे तुला माहीत आहे. बोटं मोजत बसलो आणि आवाज निसटला. ती म्हणाली, "आजी, तुमचा आवाज फुटतोय. वयात येताय का?" आणि फोन ठेवला. आवडली मला.

मग बाबांना घेऊन परत एजंटाकडे गेलो. बाबांची आयडिया, पॉलिसी त्यांच्या नावावर काढायची. मुख्य चालक ते, मी आपला कधीमधी. गाडी रोज मी पळवणार आणि कागदावर बाबा. एजंट म्हणाला, "करतात पुष्कळ जण. पण ठोकलीत की कंपनी पहिलं हेच खोदून काढते, मग दमडी मिळत नाही. कागदावर जो चालक, तोच गाडीत बसलेला हवा."

हे वाक्य त्याने सहज टाकलं. माझ्या डोक्यातून जाईना.

मग तोच म्हणाला, घरातला एखादा अनुभवी चालक जोडीला दाखवा, हप्ता उतरतो. आणि माझ्या तोंडून तुझं नाव गेलं. आठ वर्षं गाडी चालवलेली, दुसऱ्यांना शिकवायची, अजून काय अनुभव हवा? त्याने टाइप केलं. आकडा खाली यायच्या ऐवजी वर उडाला.

"हिच्या नावावर मोठा क्लेम आहे. माणूस जखमी. शंभर टक्के चूक चालकाची," तो म्हणाला. "हिला काढू या."

आणि एक बटण दाबून काढलं तुला. टक. आकडा उतरला. मला म्हणाला, "तुमचं रेकॉर्ड एकदम कोरं आहे. जपा."

शेजारी बाबा बसले होते. म्हणाले, "तिचं नाव कशाला काढलंस? तिनेच तर वाट लावली. तू तरी नीट चालव." आणि मी, जो लिफ्टवाल्यापासून हेडमास्तरपर्यंत कोणालाही उलटून बोलतो, तो मान हलवून गप्प बसलो.

मला इतका राग आलाय ना ताई. एजंटाचा आलाय. बाबांचा आलाय. पण सगळ्यात जास्त तुझा आलाय, आणि हे पत्र मी बहुतेक फाडणार आहे.


शनिवार, तारीख १८

नाही फाडलं.

आता सरळ लिहितो. आपण दोघांनी हे एकमेकांशीसुद्धा कधी बोललेलं नाही.

तू औषधं घ्यायला दुकानात गेली होतीस. किल्ली गाडीलाच होती. मी पंधरा वर्षांचा, मला वाटलं गाडी कोपऱ्यावर नेऊन ठेवावी, तू बाहेर येशील, गाडी गायब बघून बोंबलशील, मी पोट धरून हसेन. बस, एवढीच गंमत होती. ब्रेक समजून दुसरंच काहीतरी दाबलं आणि गाडी शिंप्याच्या दुकानात घुसली. शिंपीकाका दारातच मशीनवर बसले होते. मशीन उलटं, त्याखाली त्यांचा पाय. तो आवाज मी अजून ऐकतो, पण ते जाऊ दे.

तू धावत आलीस. मला वाटलं थोबाडीत मारशील. तू मला बाजूच्या सीटवर ढकललंस, "खाली वाक, बुटाची नाडी बांध" म्हणालीस आणि स्टिअरिंगवर बसलीस. लोक जमले तेव्हा तू म्हणालीस, "मी चालवत होते." माझ्या बुटाला नाडी नव्हती गं. चिकटपट्टीचा बूट होता. मी तो तीनदा उघडला आणि लावला.

तुझं लायसन्स गेलं, शिकवायची नोकरी गेली. बाबा जे बोलले ते बोलले, आणि तू त्या लांबच्या गावात जाऊन तिकिटं फाडत बसलीस. बसने जातेस म्हणे कामाला. तू! गल्लीतून रिव्हर्समध्ये आरसा न बघता गाडी काढणारी!

मला विचारलं होतंस का? कोणी सांगितलं होतं एवढा शहाणपणा करायला? सगळे म्हणतील बहिणीने भावाला वाचवलं. वाचवलं कसलं, तोंड शिवून ठेवलंस माझं. तेव्हापासून मी घरात जोक मारतोय. थांबलो तर कोणीतरी काहीतरी विचारेल, म्हणून थांबत नाही.

तर काल मी फॉर्म भरला. प्रश्न सातवा: यापूर्वी तुमच्या हातून अपघात झाला आहे का? होय किंवा नाही. मी 'होय'वर खूण केली. खाली तारीख, जागा, शिंपीकाकांचा पाय, सगळं लिहिलं. 'त्या वेळचा लायसन्स क्रमांक' याच्यापुढे लिहिलं, 'नव्हता'. एजंटाने चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. म्हणाला, "बाळा, हा कागद मी हरवू शकतो." मी म्हटलं, "हरवा, माझ्याकडे अजून तीन आहेत." एक कंपनीला, एक शिंपीकाकांना, एक बाबांना.

शिंपीकाकांनी कागद वाचला, काठी टेकत आत गेले आणि मला बसायला स्टूल आणलं. म्हणाले, "पोरीची नजर खाली होती, तुझी बुटात. तेव्हाच कळायला हवं होतं मला." बाबा सकाळी गाडीवर परत कव्हर घालून आले आणि तिथेच जिन्यात बसून राहिले. आई तुझा फोन नंबर हातात घेऊन फिरतेय, लावायची हिंमत होत नाही तिची. तूच लाव.

आता मला कोणी पॉलिसी देणार नाही, दिली तर त्या पैशांत लिफ्टच विकत येईल. सोमवारी मेव्हण्याचा पोरगा पेटी उचलेल. उचलू दे. शिंपीकाकांना दिलेले जुने पैसे कंपनी परत मागेल म्हणे, मग मी ते फेडेन, पायी फिरून फेडेन. तू मध्ये पडायचं नाही. या वेळी स्टिअरिंगला हात लावलास तर खरंच बोलणार नाही तुझ्याशी.

रागावलीस तर रागाव. मीही रागावलोय. पण तुझं लायसन्स परत मागायचा अर्ज सोबत घातलाय, मी बहुतेक जागा भरल्यात, शुद्धलेखनाकडे बघू नकोस. तुझ्या सहीची जागा रिकामी आहे.

माझी ही इथे करतो. तीन वर्षांपूर्वीच्या अपघाताच्या कागदावर या जागी तुझं नाव आहे, ते खोडून वाच.

चालकाची सही:
टिल्लू