निळं पिंप

प्रिय दीक्षा,

सप्रेम जयभीम. अक्षर बघून कुणाकडून लिहून घेतलं असं विचारू नकोस, मीच लिहितेय. अंगणवाडीत पोरांना रेघेवर लिहा म्हणून दटावणारी तुझी आई आता स्वतःच रेघ सोडून चाललीय. येत्या रविवारी तुझे दादा तुला बाळंतपणासाठी आणायला शिरूरला येणार. तू पिशव्याही भरायला घेतल्या असशील. पण आधी हे शेवटपर्यंत वाच, जावईबापूंनाही वाचायला दे.

तू दर फोनला ठिपकीचं विचारतेस आणि मी बोलणं दुसरीकडे नेते. लग्नाच्या तोंडावर मुठीएवढं पिलू उचलून आणलंस आणि सासरी जाताना माझ्या गळ्यात मारलंस. वर हुकूम, जंताचं औषध चुकवायचं नाही, तीन महिन्यांची झाली की लस द्यायची. दौंडला जनावरांच्या दवाखान्यात म्हशी-बैलांमागे मी पिशवीत मांजर घेऊन उभी राहिले, तर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, ही दूध किती देती?" मी म्हटलं, "देत न्हाई, पिती." सगळी रांग हसली. डॉक्टर मात्र भला माणूस. म्हशीइतक्याच मनानं तिला तपासलं, लसही दिली. तुझी ठिपकी चांगली गुबगुबीत झाली होती गं.

थंडीत तिचं बिघडलं. आधी उडी चुकायला लागली. मग मागचे पाय लटपटू लागले, मान थरथरायची, चालता चालता भिंतीला धडकायची. इंजेक्शनांनी गुण येईना म्हणून डॉक्टरांनी तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं. तिथं ती उठली, खायला लागली. मी आनंदानं घरी आणली आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. परत ठेवली, परत बरी झाली, घरी आणली की परत पडली. तेव्हा डॉक्टरांनी मला बसायला सांगितलं आणि विचारलं, घरी ही पाणी कुठलं पिते?

तुला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा दादांनी निळं पिंप आणलं होतं, आठवतं? बाळंतिणीला पाणी कमी पडायला नको, ही त्यांची हौस. कुरकुंभच्या केमिकल कंपन्यांच्या रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडून घेतलं. "एकदम साफ है," म्हणाला तो. आम्ही राखेनं घासलं, उन्हात वाळवलं. तेव्हापासून टँकरचं पाणी त्यातच भरतो, प्यायला आणि स्वयंपाकालाही तेच. त्याच्या तोटीखाली ठेवलेल्या ताटलीतलं ठिपकी चाटायची. डॉक्टर मुद्दाम घरी आले, झाकण काढून वास घेतला, आतून नखानं खरवडून पाहिलं. आधी त्यात काय भरलेलं होतं ते त्यांनाही सांगता येईना. एवढंच म्हणाले, हिचा जीव लहान, म्हणून हिला आधी बाधलं.

दादांना हे पटत नाही. मी पिंप ओतून दिलं, त्यांनी पुन्हा भरलं. "मांजरापायी पयल्या बाळंतपनाला माजी पोरगी आनायची न्हाई व्हय? लोक तोंडात श्यान घालतील! आन् पानी बघ की, काचंवानी हाय." मी शेजारच्या सरूबाईंच्या रांजणातून हंडा आणते, तर ते त्याला हात लावत नाहीत. त्यांच्या कपातला चहा हल्ली बशीत सांडतो. म्हणतात, वय झालं. माझ्या बोटांना मुंग्या येतात, सुईत दोरा ओवता येत नाही. आणि ठिपकी काल गेली, बाई. शेवटी तिला मानही उचलता येत नव्हती.

फोन दादांच्या खिशात असतो, त्यांच्यादेखत हे बोलता येत नाही. पोस्टावर भरवसा नाही म्हणून हे सरूबाईंच्या सायलीजवळ देतेय, ती शिरूरला कॉलेजात जाते. रविवारी दादा आले की त्यांना जेवू घाल, पण त्यांच्याबरोबर निघू नकोस. तुझी सासू म्हणेल, आईनंच माहेर बंद केलं. म्हणू दे. बाळंतपणाला मी तिकडं येईन. पण तेवढ्यासाठी मी ही वाकडी अक्षरं गिरवली नसती, दीक्षा. दिवाळसणाला तू पंधरवडाभर इथं होतीस, पोटात चौथा महिना होता. तुला सारखी तहान लागायची आणि मी कौतुकानं तांब्यामागून तांब्या भरून द्यायचे, त्याच पिंपातून. आता उशीर करू नकोस. उद्याच मोठ्या डॉक्टरकडे जा, पिंपाचं सगळं सांग, लाजू नकोस. आणि बाळ पोटात हलतंय का, ते सायलीजवळच लिहून दे. मी एस.टी. स्टँडवर तिची वाट बघत उभी राहीन.

तुझीच,
आई