झडपेपाशी आलेला वास

१२ जून

प्रिय दादा,

मी बरी आहे. चष्म्याचा नंबर वाढलाय, बाकी सगळं जागच्या जागी. वहिनीला सांग, स्वेटर अगदी मापात बसला.

माझं काम तू कारखान्यात काय काय तिखटमीठ लावून सांगतोस कोण जाणे, म्हणून पुन्हा लिहिते. पोलादी भांड्यात कार्बन डायऑक्साइड इतका दाबायचा आणि तापवायचा की तो धड वायू राहत नाही, धड द्रवही नाही. त्यात प्लॅस्टिकच्या साखळ्या वाढवायच्या, पण लगाम घालून, म्हणजे सगळ्यांची लांबी सारखी भरते. शेवटी झडप उघडली की वायू निघून जातो आणि कोरडी पूड उरते. तुमच्याकडे प्लॅस्टिक विरघळवायला वापरतात त्या उग्र टोल्युइनचा थेंबही लागत नाही.

पूड निघाली, पेपर छापून आला, प्रयोगशाळेच्या सरांनी सगळ्यांना चहा पाजला. तू लॉकरवर माझा फोटो चिकटवलास. 'आमची छोटी वर्षभरात टोल्युइनची पिंपं घालवणार,' म्हणत पिंपांपासून लांब, गोदामात मिळणारी बदलीही नाकारलीस.

गेल्या महिन्यात आम्ही झडप बदलली आणि भांडं दोन दिवस पंप लावून सुकवलं. मग तोच प्रयोग तीनदा केला. तिन्ही वेळा चिकट गोळा निघाला, साखळ्यांचा एकमेकींशी मेळ नाही. भांडं आम्ही टोल्युइननेच धुतो, जुनी सवय. जुन्या झडपेच्या बेचक्यात ते थोडं अडकून राहायचं. माझ्या साखळ्या त्याच्याच जिवावर वाढल्या होत्या.

काल सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "तेव्हा तुझ्या लक्षात कसं नाही आलं?" मी म्हटलं, नाही आलं.

आलं होतं, दादा. पहिल्याच दिवशी झडप उघडली तेव्हा वास आला. तू कामावरून यायचास तेव्हा तुझ्या शर्टाला यायचा, तोच. मी खिडकी उघडली आणि वहीत लिहिलं, 'वास नाही'. तुला कळवायची घाई झाली होती.

सोळा वर्षं त्या पिंपांपाशी उभं राहून तुझं नाक गेलं. समोर दूध करपलं तरी तुला कळत नाही. माझं नाक शाबूत होतं. मला माझीच लाज वाटते.

उद्या सरांना वही दाखवून ती ओळ खोटी आहे हे सांगणार आहे. पेपर मागे घ्यावा लागेल, नोकरीही बहुधा जाईल. तुला आधी कळवलं, कारण बदलीचा अर्ज या आठवड्यात पुन्हा देता येतो, असं वहिनी म्हणाली.

फोटो काढून टाक आणि अर्ज दे. पिंपं जात नाहीयेत.

जिला वास आला होता ती,
तुझी छोटी